यादवीतील विरोधक : चित्र आणि चरित्र



परकीय आक्रमणात शत्रू सीमेपलीकडे असतो. यादवीत तो घराच्या ओसरीवर शोधला जातो. अशा वेळी शासनाला प्रश्न विचारणारा नेता आणि राष्ट्रद्रोही यांतील रेषा पुसट होते. ती पुसण्याचे काम अनेकदा लेखणी आणि कुंचला करतात. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेचे यादवी युद्ध हा त्याचा बोलका दाखला आहे.

युद्ध थांबवून दक्षिणेशी तडजोड करावी, असे म्हणणारा एक गट उत्तरेतील डेमोक्रॅटिक पक्षात होता. रिपब्लिकन वृत्तपत्रांनी त्याला ‘कॉपरहेड’ या विषारी सापाचे नाव दिले. फेब्रुवारी १८६३ मध्ये ‘हार्पर्स वीकली’ने मानवी मुखाचे तीन साप राष्ट्रदेवतेवर चाल करून येताना रेखाटले. सापाशी कोणी वाद घालीत नाही, त्याला ठेचतात.

या गटाचे अग्रणी ओहायोचे क्लेमेंट व्हॅलँडिगहॅम. मे १८६३ मधील एका भाषणाबद्दल सेनापती बर्नसाइड यांनी त्यांना अटक करून लष्करी न्यायासनापुढे उभे केले. कारावासाची शिक्षा झाली; लिंकन यांनी ती बदलून त्यांना दक्षिणेच्या हद्दीत धाडले. पुढच्याच महिन्यात बर्नसाइड यांनी ‘शिकागो टाइम्स’ बंद पाडला. तो हुकूम मात्र लिंकन यांनी काही दिवसांतच मागे घेतला.

व्हॅलँडिगहॅम निर्दोष नव्हते. गुलामगिरीच्या घोर अन्यायाकडे त्यांनी डोळेझाक केली. विरोधी वृत्तपत्रांनीही लिंकन यांना जुलमी हुकूमशहा म्हणून रंगविले. परंतु एकदा तयार झालेला शिक्का माणूस पाहून उमटत नाही. जॉर्ज मॅक्लेलन यांनी उत्तरेच्या सैन्याचे नेतृत्व केले होते. १८६४ मध्ये ते डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. पक्षाचा जाहीरनामा युद्धविरामाचा होता. मॅक्लेलन यांनी मात्र संघराज्याच्या एकतेवाचून शांतता नाही, असे लेखी कळविले. तरीही हुतात्म्याच्या थडग्यावर दक्षिणेशी हस्तांदोलन दाखविणारे थॉमस नॅस्ट यांचे व्यंगचित्र प्रचारात फिरतच राहिले.

संघराज्य टिकले, गुलामगिरी संपली. दोन्ही इष्टच झाले. पण १८६६ मध्ये मिलिगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, नागरी न्यायालये चालू असताना नागरिकांवर लष्करी खटला चालविणे घटनाबाह्य आहे. द्रोह असेल तर तो पुराव्याने सिद्ध व्हावा, व्यंगचित्राने नव्हे. राष्ट्राची काळजी वाहणाऱ्या वाचकाने युद्धकाळातील प्रत्येक चित्रापुढे क्षणभर थांबून मूळ भाषण वाचावे; राष्ट्रनिष्ठेला त्याने बाध येत नाही.