भूगर्भविद्या आणि आमचीं मुलें

(आर्वी येथें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)

विहीर खणतांना काय काय लागतें हें तुम्हांस आम्ही सांगावें असें नाहीं. आधीं काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा दगड, आणि शेवटीं पहारेस दाद न देणारा काळा फत्तर. हा फत्तर म्हणजे सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं भुईच्या भेगांतून उसळून थरावर थर गोठलेला लाव्हा होय. आणि आपली कपाशी जिच्यांत पिकते ती काळी मातीही त्याच्याच झिजेची. आमच्या बापजाद्यांनीं हा दगड पिढ्यान् पिढ्या फोडला, पण त्या दगडाची विद्या मात्र आमच्या घरीं आली नाहीं. म्हणून आजही बोअर घ्यावयाची झाली कीं आम्ही नारळवाल्या पाणाड्यास बोलावतों. बोअर कोरडी गेली कीं कर्ज आमच्या माथीं आणि दोष नशिबाचा!

आतां खनिज तेलाकडे वळूं. असल्या लाव्ह्यांत तेल बनत नाहीं. प्राचीन समुद्रांतील सूक्ष्म जीव मरून चिखलांत पुरले गेले, त्यांवर थर चढले, आणि खोलवरच्या उष्णतेनें लक्षावधि वर्षांत त्यांचें तेल झालें. हें तेल वर वर सरकतें, सच्छिद्र दगडांत शिरतें, आणि उपड्या परातीसारखें घट्ट दगडाचें झांकण मिळालें तरच तेथें अडतें. भुईखालीं तेलाचें तळें असतें अशी पुष्कळांची समजूत आहे; तसें नव्हे. विटेंत पाणी मुरतें तसें तें दगडांत मुरलेलें असतें.

अशी एक परात मुंबईच्या पश्चिमेस सुमारें 160 किलोमीटरवर समुद्रतळाखालीं होती. 1974 सालीं ‘सागर सम्राट’वरून खोदाई होऊन तेथील चुनखडीच्या दगडांत तेल लागलें, व 1976 पासून तें निघूं लागलें. तोच मुंबई हाय. मग आर्वीखालीं तेल कां नसावें, असें कोणी विचारील. या वर्धा नदीच्याच खोऱ्यांत वणी-चंद्रपुराकडे कोळसा निघतो. तेल निघालेलें नाहीं. खोटी आशा दाखवून टाळ्या घेणें आम्हांस पसंत नाहीं.

एक पालक आम्हांस म्हणाले, “विजेच्या गाड्या आल्या, तेलाचा धंदा आतां बुडणार, पोरास तिकडे कशाला घालावें?” शंका रास्त आहे. तेलाच्या एकट्या नोकरीवर जीव टांगूं नये, असें आमचेंही मत आहे. परंतु देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं चार पंचमांशांहून अधिक आजही बाहेरून येतें. आणि विजेच्या गाडीच्या बॅटरीचें लिथियम तरी कोठून येतें? भुईंतूनच ना! शिवाय ज्यास दगड वाचतां आला त्यास पाणी, कोळसा, धरणाचा पाया, भूकंप या सर्वांत काम आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा दिली तर 1851 सालीं स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांत किंवा केंद्रीय भूजल मंडळांत प्रवेश मिळतो. जवळच्या नागपुरांत विद्यापीठांत ही विद्या शिकवितात, आणि खाण ब्यूरोचें मुख्य कार्यालयही तेथेंच आहे. इतकें दारांत असून आमचा मुलगा बारावी झाला कीं डॉक्टर किंवा इंजिनिअर यापलीकडे तिसरें नांव घरांत निघत नाहीं. आणि मुलीचें तर विचारूंच नये!

काम सुखाचें नाहीं, हेंही सांगतों. समुद्रांतल्या फलाटावर चौदा दिवस काढावे, मग चौदा दिवस घर. उन्हापावसांत दगडांमागें हिंडणें तर नित्याचेंच. पण उन्हाची भीति आम्हांस कोणी घालावी?

विद्यार्थ्यांनो, यंदा गांवांत कोणाची बोअर लागली तर तेथें जाऊन उभे राहा. यंत्र जो चुरा बाहेर फेकतें तो दर दहा फुटांस मूठभर घेऊन पिशवींत भरा, पिशवीवर खोली लिहा, आणि घरीं भिंगाखालीं रंग, कण, भोकें पाहा. मुंबई हायवरच्या फलाटावर भूगर्भशास्त्रज्ञ खोदाईचा चुरा असाच खोलीवार गोळा करून तपासतो. पिशव्या भरल्या कीं आमच्याकडे घेऊन या. आपण त्या मिळून वाचूं.