एक पडदा, दोन संगणक

आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी बोलणार आहोत आमच्या घरातल्या एका टेबलाबद्दल.

घर दोन खोल्यांचं. धाकटीला घरून काम करायला ऑफिसनं संगणक दिला. थोरलीचा जुना संगणक होताच. त्यावर बचत गटाचे हिशेब आणि मुलांचा अभ्यास. पण मॉनिटर, कीबोर्ड, माउस एकेकच, आणि दुसरे ठेवायला जागाही नाही. रोज वायरी काढायच्या आणि लावायच्या. ऑफिसचं काम पगाराचं, मुलांचा अभ्यास परीक्षेचा. गटाचे हिशेब मात्र रात्री साडेअकराला, डोळे चोळत.

मग आम्ही केव्हीएम स्विच आणला. नावाला घाबरू नका. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, एम म्हणजे माउस. तळहाताएवढी डबी. तिला मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडायचे आणि दोन्ही संगणकांच्या वायरीही तिलाच लावायच्या. बटण दाबलं की एक संगणक समोर, पुन्हा दाबलं की दुसरा. मागे राहिलेला बंद पडत नाही, त्याचं काम चालू राहतं.

आमची चूक सांगतो. विकत घेण्याआधी संगणकांची मागची बाजू आम्ही पाहिलीच नाही. जुन्याला निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए; नव्याला चपटं एचडीएमआय. डबी आणली एचडीएमआयची! वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागला, तोही व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा. उलट्या दिशेचा चालत नाही. तेव्हा दुकानात जाताना दोन्ही संगणकांच्या आणि मॉनिटरच्या मागचे फोटो मोबाइलवर काढून न्या.

तुमच्या मॉनिटरला दोन जोडण्या असतील तर खर्च आणखी वाचेल. दोन्ही संगणक थेट मॉनिटरला जोडा आणि त्याच्याच बटणानं पडदा बदला. कीबोर्ड-माउससाठी साधा यूएसबी स्विच पुरतो. ऑफिसच्या संगणकावर मात्र विचारल्याशिवाय काहीही नवं जोडू नका, नवा प्रोग्रॅमही टाकू नका.

आणि हो, टाइप करण्याआधी पडद्याकडे बघा. धाकटीनं एकदा घाईत ऑफिसचा पासवर्ड मुलाच्या निबंधात टाइप केला. घरभर हसू झालं, पण पासवर्ड लगेच बदलावा लागला.

शेवटी एक गोष्ट कळली. डबीनं वायरींचा प्रश्न सुटला, पाळीचा नाही. पडदा एकच, तेव्हा वेळ आपणच वाटून घ्यायची. टेबलावरच्या भिंतीला आम्ही कागद चिकटवलाय. सहा वाजता ऑफिस संपतं. सहा ते सात गटाचे हिशेब, नंतर अभ्यास. त्या एका तासात बटणाला कुणी हात लावत नाही. चहासुद्धा तेव्हा घरातले पुरुष करतात.

गटाच्या बायकांचे पैसे आता दिवसाउजेडी, ताज्या डोळ्यांनी मोजले जातात. तुमच्या घरच्या टेबलावर तुमचा तास कोणता, तेवढं आज ठरवा.