कारभार करणारा आणि कारभारावर लक्ष ठेवणारा
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पंचवीस वर्षे झाली म्हणून आज आपण पेढे वाटतोय. पण कमिटीच्या निवडणुकीला उभं राहायला माणूस मिळत नाही, हेही खरं. "आम्हाला त्यातलं काय कळतं?" हे उत्तर ठरलेलं. म्हणून आज एका मोठ्या माणसाच्या कारकिर्दीविषयी थोडं बोलतो.

डी. व्ही. कपूर हे विद्युत अभियंता. आधी 'भेल'मध्ये होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर 1975 मध्ये एनटीपीसी ही वीजनिर्मिती कंपनी काढली, तिचे ते संस्थापक अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक. तोवर वीज म्हणजे मुख्यतः राज्यांच्या मंडळांचं काम. इथे जागा, कोळसा, माणसं, पैसा, सगळंच नव्याने जमवायचं होतं. सिंगरौलीचा 200 मेगावॉटचा पहिला संच फेब्रुवारी 1982 मध्ये सुरू झाला, तेव्हा कपूरसाहेब ती खुर्ची सोडून केंद्रात सचिव झालेले होते. माणूस उठून गेला, काम अडलं नाही. संस्था बांधणं म्हणतात ते हेच.

1980 ते 1986 या काळात ते वीज, अवजड उद्योग आणि रसायने या खात्यांचे सचिव होते. आपल्या पवईच्या आयआयटीच्या नियामक मंडळाचेही ते अध्यक्ष होते. पुढे रिलायन्स इंडस्ट्रीजसारख्या खासगी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर त्यांनी काम केलं.

आता इथे खरी गोम आहे. जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला बाहेरचा संचालक म्हणून हुकूम सोडता येत नाही. कंपनी चालवणारे दुसरे. याने बैठकीआधी कागद वाचायचे, हिशेबावर प्रश्न विचारायचे आणि वेळ आली तर 'नाही' म्हणून ते इतिवृत्तात नोंदवून घ्यायचं. 2013 च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालकाला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती ठेवल्यात. फार दिवस बसलेला माणूस घरचा होतो, आणि घरच्यांना प्रश्न विचारायची भीड पडते! बँकेत कर्जप्रकरण पुढे आलं की मी सह्या किती आहेत ते मोजत नसे. त्यातल्या कुणी कागद वाचलाय ते आधी पाहत असे.

आपली कमिटी म्हणजे आपलं संचालक मंडळच. सिंकिंग फंडात किती शिल्लक आहे, लिफ्टचा करार कधी संपतो, हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं, तिशीनंतर दर तीन वर्षांनी. आपल्या इमारतीची तिशी काही लांब नाही. मोठ्या दुरुस्तीचे निर्णय याच सभागृहात होतील, आणि पैसा आपल्या सगळ्यांचा असेल.

तेव्हा तरुण मंडळींनो, पुढच्या निवडणुकीला अर्ज भरा. ते जमत नसेल, तर निदान वार्षिक सभेला ताळेबंद वाचून या आणि एक तरी प्रश्न विचारा. कमिटीने रागावू नये. प्रश्न विचारणारा सभासद हा सोसायटीचा हितचिंतकच असतो.