निबंधाची प्रस्तावना



विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मराठी निबंधाला प्रतिष्ठा प्राप्त झाली. शास्त्रीबुवांच्या लेखणीला विस्ताराची मुभा होती. शालेय विद्यार्थ्याला मात्र दीडदोनशे शब्दांतच मन मोकळे करावयाचे असते. म्हणून त्याच्या प्रस्तावनेतील एकही वाक्य वाया जाता कामा नये.

कन्नड तालुक्यातील विद्यार्थ्याने पितळखोरे लेणी डोळ्यांनी पाहिलेली असतात. तरीही निबंधास बसताच तो पाठ केलेले वाक्य उतरवितो : ‘भारत हा विविधतेने नटलेला देश आहे.’ हे वाक्य असत्य नाही. परंतु ते गंगेवरील निबंधालाही चालेल आणि ताजमहालावरील निबंधालाही. विद्यार्थ्याने स्वतः जे पाहिले, ते अशा उसन्या वाक्याआड झाकले जाते. हानी केवळ गुणांची नसते. आपल्या अनुभवाला किंमत नाही, असा समज त्या कोवळ्या मनात रुजतो.

त्याऐवजी पुढील आरंभ पाहावा : ‘कन्नडजवळच्या सातमाळा डोंगरात पितळखोरे येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. ही लेणी अनेकांच्या दानातून व श्रमातून साकारली, असे तेथील शिलालेख सांगतात. पैठणचा गंधी, राजवैद्य आणि कण्हदास सोनार या तिघांच्या नोंदींवरून हे स्पष्ट होते.’

येथे तीन वाक्यांनी तीन कामे केली. पहिल्याने विषय व स्थळ सांगितले, दुसऱ्याने लेखकाचे म्हणणे मांडले आणि तिसऱ्याने पुढील तीन परिच्छेदांची वाट दाखविली. सुज्ञ दुकानदार तागा उलगडतानाच पोत, पन्हा आणि भाव सांगतो. ग्राहकाला ताटकळत ठेवीत नाही. वाचकाचेही तसेच आहे.

यासाठी लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : ‘या विषयाबाबत मला नेमके काय सांगावयाचे आहे?’ उत्तर एका वाक्यात येईना, तर विचार अद्याप पिकलेला नाही असे समजावे. उत्तर सापडले की तेच प्रस्तावनेचे मुख्य वाक्य होय. निबंध पूर्ण झाल्यावर प्रस्तावना पुन्हा वाचावी. तिने दिलेले वचन पुढे पाळले गेले नसेल, तर दोहोंपैकी एकात दुरुस्ती करावी.

कण्हदासाने घडविलेल्या यक्षमूर्तीवर त्याचे नाव आजही वाचता येते. आपल्या मुलांच्या पहिल्या वाक्यावरही त्यांची स्वतःची मुद्रा उमटो, हीच सदिच्छा.