गुण देणाऱ्याची नोकरी
(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘नवे व्यवसाय’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. वैद्यकी, इंजिनिअरी व बँकेची नोकरी यांविषयी सांगण्यास आमच्यापेक्षा अधिकारी मंडळी समोर बसलेली आहेत. म्हणून आम्ही असा एक व्यवसाय निवडला आहे, की ज्याचे नाव ऐकताच पालकांच्या कपाळास आठी पडावी. व्हिडिओ गेम खेळावयाचे, त्यांचे परीक्षण लिहावयाचे, आणि पॉडकास्टवर, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकता येणाऱ्या नभोवाणीसारख्या कार्यक्रमात, त्यांविषयी दोन-दोन, तीन-तीन तास बोलावयाचे. आणि एवढ्यावर प्रपंच चालवावयाचा!

हा चैनीचा धंदा आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु एखादा मोठा खेळ शेवटास नेण्यास तीस-चाळीस तास सहज लागतात. खेळ बाजारात येण्याच्या थोडे दिवस आधी कंपनी त्याची प्रत परीक्षकाकडे पाठविते, आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही प्रसिद्ध करू नये अशी अट घालते. त्या घटकेस सर्वांची परीक्षणे एकदम बाहेर पडावयाची. मागे राहिलेल्यास वाचक कोठून मिळणार? तेव्हा रात्री जागवून खेळ संपवावयाचा, तोही कंटाळवाणा असला तरी. दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ज्यांनी मे महिन्याच्या उकाड्यात तपासले आहेत, त्यांस या सुखाची कल्पना निराळी देण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील जेफ गर्स्टमन या गृहस्थांचे उदाहरण घेऊ. १९९६ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, ते सॅन फ्रान्सिस्को येथील ‘गेमस्पॉट’ या नव्या संस्थेत लागले आणि चढत चढत संपादकीय विभागाचे प्रमुख झाले. २००७ च्या नोव्हेंबरात ‘केन अँड लिंच : डेड मेन’ नावाचा खेळ आला. गर्स्टमन यांनी त्यास दहांपैकी सहा गुण दिले. आमच्या शाळेत साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग, पेढे वाटावयाचे! पण त्या जगात मोठ्या खेळांस सात ते नऊ मिळण्याची वहिवाट पडलेली असल्याने सहा म्हणजे जवळजवळ अपमान. त्यात त्याच खेळाच्या जाहिराती त्यांच्याच संस्थेच्या पानांवर झळकत होत्या. महिना संपण्यापूर्वी अकरा वर्षांची नोकरी गेली. कंपनीने जाहिरातदाराच्या दबावाचा आरोप नाकारला. गर्स्टमन मात्र कराराने बांधलेले असल्याने चार-पाच वर्षे मोकळेपणाने बोलू शकले नाहीत. २०१२ साली ते बंधन सुटल्यावर त्यांनी सांगितले, की कमी गुणांमुळे जाहिराती काढून घेण्याच्या गोष्टी पूर्वीही होत असत, आणि या वेळी नव्या व्यवस्थापकांचा धीर सुटला.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. गुणांच्या आकड्यावर दुसऱ्यांची भाकरी अवलंबून असते. ‘मेटाक्रिटिक’ नावाची संस्था निरनिराळ्या परीक्षणांची सरासरी काढते. २०१० साली ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ करणाऱ्या ‘ऑब्सिडियन’ कंपनीस सरासरी ८५ भरली तर बोनस मिळावयाचा होता; भरली ८४. एका गुणाने काय होते हे या सभागृहातील मातांस अधिक ठाऊक. तथापि त्यावरून परीक्षकाने हात सैल सोडावा असे आम्हांस वाटत नाही. बोनस असा टांगून ठेवणाऱ्या करारात दोष आहे; त्याचे ओझे परीक्षकाच्या लेखणीवर का?

(प्रस्तुत स्मरणिकेतही सभासदांच्या दुकानांच्या जाहिराती भरपूर आहेत, व त्यांवाचून ती निघती ना. पण त्यांच्या मालास गुण देण्याचे काम मंडळाने आम्हांवर सोपविलेले नाही, हे मंडळाचे शहाणपण.)

नोकरी गेल्यावर गर्स्टमन यांनी काय केले, हे तरुणांनी लक्षात घ्यावे. जुने सहकारी रायन डेव्हिस यांच्यासह त्यांनी २००८ साली ‘जायंट बॉम्ब’ हे नवे ठिकाण उभे केले. मागोमाग आणखी सहकारी जुनी नोकरी सोडून आले. तेथील साप्ताहिक पॉडकास्ट हा त्यांचा खरा आधार ठरला. छापील परीक्षणात माणूस लपू शकतो. दर आठवड्यास दोन-तीन तास बोलणारा लपू शकत नाही. त्याची आवड, त्याचे पूर्वग्रह श्रोत्यांस पाठ होतात, आणि मग त्याच्या सहा गुणांचा अर्थही त्यांस कळतो. म्हणूनच श्रोते वर्गणी देण्यास तयार झाले.

त्या कार्यक्रमाचे सूत्रधार बहुधा डेव्हिसच असत. विवाहास थोडेच दिवस झाले असताना ३ जुलै २०१३ रोजी ते अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले. ज्यांनी त्यांस कधी पाहिले नव्हते, अशा हजारो श्रोत्यांनी घरचे माणूस गेल्यासारखा शोक केला.

मालकी मात्र हातात राहिली नाही. २०१२ साली ‘सीबीएस’ने ‘जायंट बॉम्ब’ विकत घेतले. ‘गेमस्पॉट’ही तोवर त्यांच्याच मालकीचे झाले होते. ज्या घरातून बाहेर काढले, त्याच वाड्यात पुन्हा बिऱ्हाड! पुढेही मालक बदलत गेले. जून २०२२ मध्ये गर्स्टमन बाहेर पडले व स्वतःच्या नावाचा पॉडकास्ट श्रोत्यांच्या मासिक वर्गणीवर चालवू लागले. निन्टेन्डोच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावरील खेळ एकेक खेळून त्यांची क्रमवारी लावण्याचा उद्योगही त्यांनी आरंभिला. २०२५ च्या मे महिन्यात ‘जायंट बॉम्ब’ही तेथे काम करणाऱ्यांनीच विकत घेतले.

पालकांनी मुलास ‘यात पगार किती?’ असे विचारण्यापूर्वी ‘पगार कोण देतो?’ असे विचारावे. वर्गणीदार देत असेल तर रक्कम लहान व अनिश्चित असेल. जाहिरातदार देत असेल तर मोठी असेल, पण सहा गुण देण्याची वेळ कधीतरी येणारच. दोन्हींसाठी घराची तयारी हवी. आणि या वाटेने जाणाऱ्या मुलामुलींनी नोकरीचे करारपत्र, विशेषतः नोकरी सुटल्यावर तोंड बंद ठेवण्याचे कलम, सही करण्यापूर्वी आपल्या ज्ञातीतील वकील सभासदांस दाखवावे. ते समोरच्या रांगेत बसले आहेत, व शुल्क घेणार नाहीत असे त्यांनी आताच मान हलवून सांगितले आहे.