बिनबोलाचे मांजर

श्रोतेहो, हलत्या चित्रांचे चित्रपट म्हणजे पोरांचा खेळ, असे आपण समजतो. २०२४ सालच्या अशा पाच चित्रपटांना ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. त्यांना एकच कसोटी लावू या: चित्र आपले आपण किती सांगते?

पाचवा नंबर ‘इनसाइड आउट २’चा. तेरा वर्षांच्या मुलीच्या मनातली चिंता इथे पात्र होऊन येते. कल्पना नामी, पण पात्रे आपला अर्थ स्वतःच समजावत बसतात. चौथा ‘वॉलेस अँड ग्रोमिट’. मातीचा मुका कुत्रा नुसत्या भुवईने बोलतो. खलनायक मात्र जुनाच. तिसरा ‘द वाइल्ड रोबो’. यंत्र एका पोरक्या पिलाला वाढवते. पूर्वार्ध मनाला भिडतो, पुढे मारामारी फार. दुसरा ऑस्ट्रेलियाचा ‘मेमॉयर ऑफ अ स्नेल’. ताटातूट झालेल्या जुळ्या भावंडांची ही कथा मोठ्यांसाठी आहे. निवेदन जास्त, पण दुःख खरे.

पहिला लाटव्हियाचा ‘फ्लो’. महापूर, एक होडी, तीत मांजर आणि इतर प्राणी. सबंध चित्रपटात एक शब्द नाही! दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांनी तो ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या संगणक-साधनावर केला. मार्च २०२५ मध्ये पारितोषिकही त्यालाच मिळाले. शेवटी काही गोष्टी गूढ राहतात, एवढीच उणीव.

गुरुजी, इतर चार चित्रपटांत इंग्रजी न कळणारे पोर भाषांतरासाठी अडते. ‘फ्लो’पाशी ते अडत नाही. वर्गात दाखवा आणि विचारा, मांजराची पाण्याची भीती कधी मोडली? मुले आपल्या बोलीत सांगतील.