वियोगाचे दुःख आणि अभयदान

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी 'अहिंसा आणि आजचे जग' या विषयावर विचार मांडण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अहिंसेवर आपण या सभागृहात अनेक विद्वानांची प्रवचने ऐकली आहेत. म्हणून आज मी तत्त्वचर्चेचा विस्तार न करता एकच घटना आपणापुढे ठेवणार आहे आणि आपल्या आचारधर्माच्या कसोटीवर ती तपासणार आहे. ही घटना अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरची आहे. ती दूरची वाटेल. पण व्याख्यान संपेपर्यंत ती आपल्या उंबरठ्याशी कशी येऊन पोहोचते, हे आपल्या ध्यानी येईल अशी आशा आहे.

६ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी 'शून्य सहिष्णुता' नावाचे धोरण जाहीर केले. परवान्याशिवाय सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला भरावयाचा, असे ते धोरण. वरवर पाहता यात केवळ कायद्याची अंमलबजावणी दिसते. परंतु आई किंवा वडील फौजदारी कोठडीत गेले की बरोबरच्या मुलाला त्या कोठडीत ठेवता येत नाही. मग त्या मुलाची नोंद 'एकटे आलेले मूल' अशी करावयाची आणि त्याला दुसऱ्या खात्याच्या ताब्यात देऊन शेकडो, प्रसंगी हजारो मैलांवरील निवाऱ्यात पाठवावयाचे, अशी पद्धत पडली. टेक्सासमधील एल पासो भागात हा प्रयोग २०१७ मध्येच करून पाहिलेला होता. ग्वाटेमाला, होंडुरास यांसारख्या देशांतून टोळ्यांच्या हिंसाचाराला आणि दारिद्र्याला कंटाळून आलेली ही कुटुंबे होती. पुढील चौकशीत अशा प्रकारे ताटातूट झालेल्या मुलांची संख्या पाच हजारांहून अधिक भरली. त्यांत पाच वर्षांखालील बालकेही होती.

ज्या खटल्यामुळे या प्रकाराला न्यायालयाचा लगाम बसला, त्यातील माता आफ्रिकेतील काँगो देशाची होती. तिने चोरवाटेने सीमा ओलांडलीच नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती सॅन दिएगोजवळच्या अधिकृत प्रवेशद्वाराशी आली आणि तिने रीतसर आश्रय मागितला. चार दिवसांनी तिच्या सात वर्षांच्या मुलीला तिच्यापासून दूर करून शिकागो येथे पाठविण्यात आले. आई एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला. सुमारे चार महिन्यांनी, वकिलांनी दावा दाखल केल्यानंतर आणि रक्ताचे नाते चाचणीने सिद्ध झाल्यावर, त्या दोघींची भेट झाली.

जनक्षोभ इतका वाढला की २० जून २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना ताटातूट थांबविण्याचा आदेश काढावा लागला. २६ जूनला न्यायमूर्ती डेना सब्रॉ यांनी पाच वर्षांखालील मुले चौदा दिवसांत व इतर मुले तीस दिवसांत पालकांना परत करण्याचा हुकूम दिला. त्या निकालपत्रातील एक निरीक्षण अंतःकरणाला झोंबणारे आहे. कैद्यांच्या पैशांची, कागदपत्रांची, चीजवस्तूंची नोंद शासन काळजीपूर्वक ठेवते आणि सुटकेच्या वेळी त्या परत करते. मुलांची नोंद ठेवणारी अशी व्यवस्था मात्र नव्हती, असे न्यायमूर्तींनी नमूद केले. बंधु-भगिनींनो, आपण मंदिराबाहेर चपला ठेवल्या तरी हातात बिल्ला मिळतो. या कार्यालयात कोणी एकावन्न रुपये दिले तरी त्याची पावती फाडली जाते. तेथे आईच्या कडेवरचे मूल घेतले गेले आणि त्याची पावती कोणाजवळ नव्हती. काही पालकांना तर मुलाशिवायच मायदेशी धाडण्यात आले, आणि त्यांचा शोध घेण्यासाठी स्वयंसेवकांना ग्वाटेमाला-होंडुरासच्या डोंगरी गावांतून हिंडावे लागले.

आता आपल्या आचारधर्माकडे वळू या. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण बालपणापासून पाठशाळेत पाठ केले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यात बंध पहिला आहे. जीवाला त्याच्या इष्ट स्थानी जाण्यापासून अडवून ठेवणे, डांबणे, हा शास्त्रकारांनी प्रथम सांगितलेला दोष होय. गोठ्यातल्या जनावराच्या दाव्याविषयीही विवेक बाळगावा असे सांगणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. मग कोठडीत डांबलेल्या बालकाविषयी आपले मत काय असावे, हे निराळे सांगावयास नको.

दुसरे असे की आर्तध्यानाच्या चार प्रकारांत इष्टवियोगाचा अंतर्भाव आहे. प्रिय व्यक्तीच्या वियोगाने जीव ज्या तळमळीत बुडतो, ती तळमळ त्याच्या परिणामांनाच मलिन करते, अशी आपली धारणा आहे. आधुनिक वैद्यकशास्त्र निराळ्या शब्दांत याच्या जवळचे बोलते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेने २०१७ मध्येच असे मत नोंदविले होते की स्थलांतरित मुलांसाठी अल्पकाळाची कोठडीसुद्धा सुरक्षित मानता येत नाही. आधार देणारे माणूस जवळ नसताना बालकावर येणारा दीर्घ ताण त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरतो, असे ते तज्ज्ञ सांगतात.

यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि त्यांचा आदराने विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की प्रत्येक राष्ट्राला आपली सीमा राखण्याचा अधिकार आहे. तो निःसंशय आहे. आपल्या देशालाही आहे. परंतु सीमा राखणे ही एक गोष्ट आणि बालकाच्या दुःखाचा धाक म्हणून उपयोग करणे ही दुसरी. मार्च २०१७ मध्ये त्या खात्याचे तत्कालीन मंत्री जॉन केली यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, लोकांनी येऊ नये म्हणून मुले वेगळी करण्याचा विचार चालू असल्याचे मान्य केले होते. म्हणजे एकाच्या वेदनेतून दुसऱ्याला भीती घालावयाची. आपल्या दृष्टीने ही संकल्पी हिंसेच्या फार जवळ जाणारी गोष्ट आहे, कारण येथे दुःख अनवधानाने घडलेले नाही.

दुसरा आक्षेप असा की कोणत्याही देशात गुन्हेगार तुरुंगात गेला की त्याची मुले दुरावतातच. हे खरे. परंतु प्रथमच परवान्याविना सीमा ओलांडणे हा अमेरिकी कायद्यातही लहान स्वरूपाचा गुन्हा आहे. अनेकांची शिक्षा काही दिवसांतच संपली; ते परत आले तेव्हा मूल मात्र नेलेले होते. शिक्षा संपली आणि वियोग उरला, हा कोणता न्याय?

तिसरा प्रश्न असा की सर्वांना मोकळे सोडले तर ते न्यायालयात हजर तरी राहतील काय? याचे उत्तर अनुभवाने मिळाले आहे. २०१६ च्या आरंभी अमेरिकी शासनाने पाच महानगर क्षेत्रांत एक योजना सुरू केली. तीत कुटुंबांना कोठडीत न ठेवता समाजसेवकांच्या देखरेखीखाली राहू दिले. सुमारे ९९ टक्के कुटुंबे ठरलेल्या तारखांना हजर राहिली. खर्चही कोठडीच्या मानाने अत्यल्प होता. तरीही जून २०१७ मध्ये ती योजना बंद करण्यात आली.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. मुलाला आईपासून तोडू नका, असे म्हटल्यावर दोघांनाही एकत्र डांबून ठेवतो, असे उत्तर आले. टेक्सासमधील डिली येथे २०१४ च्या अखेरीस २४०० जणांसाठी उघडलेले कुटुंबांचे बंदिस्थान मधल्या काळात बंद झाले आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आले. २०२३ च्या न्यायालयीन तडजोडीने तशा सरसकट ताटातुटीच्या धोरणावर आठ वर्षांसाठी बंदी घातली आहे. पण कुटुंबासह कोठडीचा प्रश्न शिल्लक आहे. छेद टळला म्हणून बंधाचा दोष संपत नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की मुलांना घरापासून दूर ठेवणे आपल्याकडेही नवे नाही. दक्षिण महाराष्ट्रातील कितीतरी पिढ्या बोर्डिंगमध्ये वाढल्या. ही तुलना अवश्य करावी, कारण तिच्यातूनच फरक उमगतो. कुंभोजला जन्मलेले आपल्या समाजाचे भूषण कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छताखाली ठेवली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही विकले. तेथे आईबापांनी विश्वासाने मूल सोपविले होते आणि त्याला दुसरी आई मिळाली होती. येथे मूल ओढून घेतले गेले.

अशा अंधारात प्रकाश देणारी माणसेही पुढे आली. जून २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका दांपत्याने एका पालकाच्या जामिनापुरते १५०० डॉलर जमविण्याचे आवाहन केले. लोकांनी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. एल पासो येथील 'अनन्सिएशन हाऊस' या १९७८ पासून चालणाऱ्या आश्रयगृहाने सुटून आलेल्या पालकांना अन्न, अंथरूण आणि मुलाच्या शोधासाठी साह्य दिले. ऑरेगनमधील शेरिडन येथील तुरुंगात त्याच सुमारास सव्वाशेच्या आसपास आश्रयार्थी ठेवले होते. त्यांपैकी ५२ जण भारतीय, बहुतेक पंजाबी होते. त्यांना वकिलांची भेट मिळावी म्हणून तेथील स्वयंसेवी संस्थांना न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने तो हक्क मान्य केला.

म्हणजे हा प्रश्न परक्यांचा राहिलेला नाही. जून २०१९ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात सहा वर्षांची एक पंजाबी बालिका उष्म्याने मृत्यू पावली. तिची आई पाण्याच्या शोधात गेली होती. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या सीमेवर एक गुजराती दांपत्य आपल्या दोन मुलांसह हिमवादळात गोठून गेले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यात महाराष्ट्रातील तिघे होते. दलालाच्या भूलथापांना बळी पडणारी कुटुंबे आपल्या शेजारचीच असतात.

अशा स्थितीत आपण काय करावे? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन गोष्टी मी नम्रपणे सुचवितो.

पहिली गोष्ट. आपल्यातील अनेकांचे मुलगे, मुली, जावई अमेरिकेत सुस्थितीत आहेत. त्यांच्याशी पुढच्या वेळी फोनवर बोलताना हा विषय काढा. कोठडीतील कुटुंबांना हिंदी, गुजराती, पंजाबी, मराठी जाणणाऱ्या दुभाषांची, भेटीला येणाऱ्या माणसांची, वकिलाच्या खर्चाची गरज असते. महिन्यातील चार तास आणि थोडी रक्कम देणे त्यांना अवघड नाही. ते तेथील मतदार असतील, तर आपल्या लोकप्रतिनिधीस पत्र लिहिणे हेही त्यांचे कर्तव्य ठरते.

दुसरी गोष्ट. आपल्या गावांतून कोणी शेत किंवा दागिने गहाण टाकून दलालामार्फत परदेशी निघाला असेल, तर त्याला वेळीच थांबवावे. त्यासाठी संस्थेच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस जाणकारांचा सल्ला मिळावा.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या अंगणातली. आपल्या देशातही आईसोबत तुरुंगात राहणारी बालके आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात निर्देश दिले की अशा मुलाला कैदी समजू नये. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ राहू शकते, त्याला योग्य आहार, औषधोपचार व शिक्षण मिळावे, आणि पुढे संस्थेत ठेवल्यास आईची भेट घडवावी. आपल्या संस्थेने जिल्हा कारागृहाच्या अधीक्षकांची परवानगी घेऊन तेथील बालकांसाठी दूध, पुस्तके आणि भेटीचा प्रवासखर्च यांची व्यवस्था स्वीकारावी. दूरच्या अन्यायाविरुद्ध बोलण्याचा अधिकार अशा जवळच्या सेवेने अधिक बळकट होतो.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान या तीन दानांत आपली संस्था गेली पन्नास वर्षे अग्रेसर राहिली. भोजनशाळा, दवाखाना आणि पाठशाळा त्याची साक्ष देतात. चौथे दान अभयाचे. रात्री जाग आल्यावर आई शेजारी असेल, ही खात्री लहान मुलाला देणे, याहून मोठे अभयदान मला दिसत नाही. विश्वस्त मंडळाने येत्या वार्षिक सभेत या तीन सूचनांवर विचार करावा, अशी विनंती आहे.